पणजोबांच्या वाडीची वंशावळ
सुकेळ्यांचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा वास आला की नायगावची आजोबांची बहीण आठवते. पंचवीसेक वर्षांपूर्वी जुने सातबारे आणि फेरफार तपासून मी पणजोबांची, बावखलाच्या म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याकाठची केळीची वाडी शोधली, त्यावरून वंशावळ काढली आणि हौसेने तिला दाखवायला नेली. पुढ्यात सुकेळी ठेवत ती म्हणाली, "ह्या वाडीला बावखलाचं पानी मीच शिपायची रे. मी कुठं हाय यात?" फेरफारात वारस म्हणून तिघे भाऊच होते, आणि गुंठा न् गुंठा जुळवून पाहणाऱ्या मीही तेवढेच उतरवले होते. "ऱ्हाऊ दे, लिवनारा बी कुनाचा तरी भाऊच असनार," ती हसली, "खा तू." मी लगेच पेन काढलं, पण तिघांच्या ओळीत जागाच उरली नव्हती. त्या कागदावर तिचं नाव आजही समासातच आहे.