नव्वदचा गोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि देवाला तर — देवासमोर मी काय केलं ते येईलच पुढे. नववीपर्यंतच शिकलेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण मी मध्ये थांबणार नाही, थांबले तर परत धीर व्हायचा नाही!

माझे दीर, सुहासभावजी, त्यांनी घरी बसून कॉम्प्युटरवर एक गेम बनवला होता. रणगाड्यांचा! आमच्या मालवणात, पडवीत — एका बाजूला वाळत टाकलेली जाळी, दुसऱ्या बाजूला धडाम धुडूम! नवरा ट्रॉलरवर, सासू मासळी घेऊन बाजारात, सासरे माडांत, मुलगा आठ महिन्यांचा, पाळण्यात. अशा दुपारी भावजी मला समोर बसवायचे. "वैनी, माझे दोस्त खोटा बोलतत. तू खरा सांग, खंयचो गोळो जास्त लागता?"

दोन गोळे होते. एक आरपार घुसणारा, पण त्याला नेम हवा — आणि माझा कसला नेम? दुसरा फुटणारा. जवळपास पडला तरी पुरे, आजूबाजूच्या सगळ्यांना थोडं थोडं लागायचं. थोडंच लागायला हवं, नाहीतर नेम धरणाऱ्याने कशाला नेम धरायचा? हे त्यांनी मला कितींदा समजावलं! एका फायलीत नुसते आकडे असायचे, कुठला गोळा किती लागणार त्याचे. फुटणाऱ्यापुढे कधी पन्नास लिहायचे, कधी वीस, मग खेळून बघायचं, मग परत आकडा बदलायचा. कढीत मीठ बघतात ना, तसं. असे कितीतरी महिने! शेवटी तीसवर जमलं. मीच म्हटलं, "भावजी, आता बरोबर आसा." ते खरं होतं. तेवढं मी खरं बोललेय.

पुण्याच्या एका कंपनीने सीडी मागवली होती. पसंत पडली तर नोकरी! पाठवायच्या दिवशी सासऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणून नारळ काढून ठेवला. भावजी विहिरीवर आंघोळीला गेले. कॉम्प्युटर चालूच. आणि मी — मी ती फाईल उघडली आणि तीसचे नव्वद केले.

का? गेम आता जाणार, परत कोण मला बसवणार? एकदा तरी जिंकून बघावं! आणि काय सांगू तुम्हाला, एक गोळा, तीन रणगाडे! दुसरा गोळा, अख्खं मैदान साफ! मी! जिला घरात टीव्हीचं बटणसुद्धा कुणी फिरवू देत नव्हतं! तोंडात पदर कोंबून एकटीच हसत होते. आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतो, आणि लाज याची वाटते की तो आनंदाचाच काटा आहे.

तेवढ्यात मुलगा रडला. त्याला उचलून आणलं, बघते तर भावजी ओल्या केसांनी खुर्चीत, आणि सीडी आत फिरतेय, गेम तिच्यावर उतरतोय, माझ्या नव्वदसकट.

"थांबा." एवढाच शब्द, नाही का? पण दारात सासरे उभे. त्यांना ठाऊकच नव्हतं की मी कॉम्प्युटरला हात लावते. कळलं असतं तर काय झालं असतं? ओरडले असते. बस, एवढंच. आणि मी गप्प राहिले.

तुळशीपुढे पाटावर सीडी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. सासऱ्यांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या झिलान जा काय केल्यान हा, ताका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे मागून.

"आणि घरातल्या कोणाच्या हातसून कळत-नकळत काय चूक झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" कोण म्हणालं असेल?

सीडी पोस्टात गेली. भावजी पोस्टातून यायच्या आत मी नव्वदचे परत तीस केले. हे जास्त वाईट ना? नव्वद खेळण्याच्या नादात झाले. तीस मी शुद्धीत केले.

महिन्याने पत्र आलं. फुटणारा गोळा एका फटक्यात सगळ्यांना संपवतो, खेळाला तोल नाही, नको. भावजींनी फाईल उघडली. तीस! कितीतरी वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग त्याचे वीस केले. मग दहा. मग पाच. दर वेळी मला बसवायचे, "वैनी, आता?" आणि मी खेळायची. शेवटी शेवटी तो गोळा नुसताच मोठ्याने फुटायचा, धूर व्हायचा, आणि कुणाला काहीच व्हायचं नाही.

आता ते ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. कुणी गेमचं विचारलं तर हसतात. "माका आकड्यातला कळना नाय."

कळतं त्यांना. तीस बरोबर होते. नव्वद माझे.