रोज जेवणाचं विचारतात

"आय डिडन्ट लाय," समोरची मुलगी पुन्हा म्हणाली.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिच्या फाइलवर 'मील्स प्रोव्हायडेड' असं लख्ख लिहिलेलं होतं. म्हणजे घरमालकीण जेवायला घालते.

लंडनमध्ये, म्हणजे आमच्या कॅनडातल्या, ऑन्टारिओच्या लंडनमध्ये, मी वेलफेअर ऑफिसात केसवर्कर होते. ज्यांच्या हातात काम नाही त्यांना सरकार दरमहा मदत देतं, त्यांच्या फाइली मी सांभाळायची. भारतातल्या नातेवाइकांना वाटायचं मी पैसे वाटते. खरं तर माझा निम्मा दिवस ते का कापले गेले हे समजावण्यात जायचा.

सायली (नाव बदललंय) एकोणीस वर्षांची. आई नाशिकलाच वारली आणि ही चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर इकडे आली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेले. ही हायस्कूल पुरं करायला इथंच राहिली, एका स्टोअरमध्ये लागली. स्टोअर बंद पडलं तेव्हा आमच्याकडे आली. राहायला एका मराठी बाईंच्या बेसमेंटमधली खोली.

एकट्या माणसासाठी आमच्याकडे दोन दर होते. खोली भाड्याने घेऊन स्वतः रांधून खाणाऱ्याला मोठा दर. मोठा आपला म्हणायला, त्यात लंडनमधली खोली जेमतेम सुटते. घरमालकच जेवू घालत असेल तर लहान दर, आणि त्या माणसाला म्हणायचं बोर्डर. सायलीच्या फाइलची फेरतपासणी फोनवर झाली होती. एका सहकाऱ्याने चार प्रश्न विचारले आणि तिला बोर्डर करून टाकलं, तेही पहिल्या महिन्यापासून. त्यामुळे दर उतरलाच, शिवाय आधी दिलेली जास्तीची रक्कम ठरली 'ओव्हरपेमेंट' आणि तीही दरमहा थोडी थोडी कापायला सुरुवात. भाडं निघेना.

"मग कोक्विटलामला बाबांकडे?" मी विचारलं.

"देअर इजन्ट अ रूम फॉर मी देअर." हे ती अगदी सहज म्हणाली. पुष्कळदा म्हणून झालेलं असावं.

"फोनवर जेवणाबद्दल नक्की काय सांगितलंस?"

"ही आस्क्ड अबाउट मील्स. सो आय सेड, शी आस्क्स मी फॉर डिनर एव्हरी डे."

मी पेन खाली ठेवलं. "हे मराठीत सांग."

ती गोंधळली. तोवर मी तिच्याशी इंग्रजीतच बोलत होते, ऑफिसात मराठीचं एक अक्षर काढलं नव्हतं. "म्हणजे... मावशी मला रोज जेवणाचं विचारतात."

"ये, जेवायला बस, असं?"

"नाही. जेवलीस का, असं."

मला हसावं की कपाळाला हात लावावा कळेना. माझ्या सहकाऱ्याने ऐकलं की बाई रोज जेवायला बोलावतात. त्याची तरी काय चूक? जेवायला न बोलावता जेवलीस का विचारणारी माणसं त्याच्या गावात नव्हती. आमच्यात दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही विचारतील.

"आणि मग तू काय सांगतेस त्यांना?"

"हो म्हणते."

"जेवलेली असतेस?"

तिने जॅकेटची चेन वरखाली केली. "शी आस्क्स, ना काकू," एवढंच म्हणाली. ऑफिसात मी कुणाची काकू नसते, पण तेव्हा तिला टोकलं नाही. माझी आई गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. सगळ्यांना मीच विचारत असते. रोज कुणीतरी विचारावं एवढ्यासाठी रोज हो म्हणणं मला पुरेपूर कळत होतं.

दर बदलायचा तर घरमालकिणीचा दुजोरा हवा. सायलीची परवानगी घेऊन मी तिच्या शैलामावशींना फोन लावला. सख्खी मावशी नव्हे, हाक मारायची म्हणून मावशी. रिटायर झालेल्या, एकट्या, मुलगा टोरांटोजवळ वॉनला.

"जेवण? नाही हो, ती खाली स्वतःचं करते," त्या म्हणाल्या. "मी रोज जिन्यातून हाक मारून विचारते. हो म्हणते. का? काय झालं?"

जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं.

"मला वाटायचं, या मुलांना आपलं जेवण आवडत नाही. माझ्या मुलाला नाही आवडत," त्या म्हणाल्या. मग एकदम आवाज चढला. "थांबा. आजपासून चार पोळ्या जास्त लाटते."

"लाटू नका!" मी जवळजवळ ओरडलेच. शेजारच्या क्युबिकलमधली मान वर झाली. "रोज जेवू घातलंत तर ती खरंच बोर्डर होईल. मग कपात योग्य ठरते."

"म्हणजे तुमचं म्हणणं, पोरीला उपाशी ठेवू?"

"माझं नाही हो. कुणाचंच तसं म्हणणं नाही. पण दर तसा आहे."

"मग कधीमधी बोलावलं तर? पाहुणी म्हणून?"

मी आमच्या सुपरव्हायझरला, लिंडाला विचारलं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "अ गेस्ट इज अ गेस्ट. महिन्यातून एकदा जेवली तर मी काय ताट मोजायला जाणार आहे?" मी तसंच मावशींना कळवलं. त्यांनी फोन जवळजवळ आपटला.

सायलीला जबाबावर सहीला बोलावलं. मजकूर एका ओळीचा होता: माझी घरमालकीण मला जेवण देत नाही. तिने तो दोनदा वाचला.

"मावशी वाचतील का हे?"

"नाही. फाइलमध्ये राहील."

"इट साउंड्स लाइक देअर्स नोबडी." मग मराठीत, हळू आवाजात: "त्या विचारतात, असं शेवटी लिहिता येईल?"

लिहिता आलं असतं, तर मी लिहिलं असतं. पण विचारपुशीला आमच्याकडे दर नव्हता आणि ते वाक्य पुन्हा कुणीतरी भलतंच वाचलं असतं. मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते मला फार जड गेलं. तिने सही केली आणि थँक यू म्हणून निघून गेली.

दर पूर्ववत झाला. ओव्हरपेमेंट रद्द झालं, कापलेलं परत मिळालं. खोली राहिली. यातून व्यवसायाचा धडा एवढाच, की माणूस ज्या भाषेत भुकेला असतो त्या भाषेत त्याला प्रश्न विचारावा. ट्रेनिंगमध्ये मी हे मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लंच ब्रेक झाला.

पुढच्या महिन्यात रक्कम नीट जमा झाली का हे पाहायला मी सायलीला फोन केला. दुपार उलटून गेली होती. झाली, म्हणाली. ठेवता ठेवता माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "जेवलीस का?"

"नाही," ती म्हणाली.

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "का गं?"

"आज संकष्टी चतुर्थी आहे ना. मावशी म्हणाल्या, तुझ्या ऑफिसवाल्या बाई महिन्यातून एकदा म्हणाल्यात, संकष्टी पण महिन्यातून एकदाच. मोदक करतायत. चंद्र निघाला की दोघी बसणार." पोटात दिवसभर काही नसलेल्या त्या मुलीचा आवाज इतका भरलेला होता की मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ गच्च होतं, बर्फाची लक्षणं.

"अगं, चंद्र दिसायचा नाही आज."

"आय नो," ती म्हणाली. "वी'ल वेट."