पिवळ्या चौकटीतली बादली

थुंकीला वास असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर ती नुसती दिसायची. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती दिसते सगळीकडेच: एसटीच्या खिडकीखाली, दवाखान्याच्या जिन्यात, लग्नाच्या मांडवामागे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा, गालात दाबायचा, आणि मग पिचकारी. हा आमचा खर्रा. पाहुण्याला आधी खर्रा विचारतात, मग पाणी. पण बादलीत साठवलेली, उन्हाळ्यात मुरलेली थुंकी मी एकदाच पाहिली. आणि ती साठवायला मीच शिकवलं होतं. वर टाळ्याही वाजवल्या होत्या.

तेव्हा मी कारखान्यातली नोकरी सोडून ‘लीन’ची सल्लागार झाले होते. लीन म्हणजे कामात जे फुकट जातं ते काढून टाकायचं. फुकटची चाल, फुकटचं थांबणं, फुकटचा साठा. एवढंच. पण एवढंच सांगायला मी कडक इस्त्रीची कॉटनची साडी नेसून, प्रोजेक्टर घेऊन आणि गळ्यात शिट्टी अडकवून जायची. शिट्टी कशाला, देव जाणे. ती बाई आज भेटली तर आधी तिची शिट्टी काढून घेईन, मग बोलेन.

ब्रह्मपुरीजवळच्या एका राईस मिलच्या मालकिणीनं मला बोलावलं. नवरा गेल्यावर ती मिल एकटी चालवत होती. नागपूरचा एक व्यापारी तिचा तांदूळ पाकिटात भरून विकायला तयार होता, पण आधी मिल बघणार होता. त्यानं हो म्हटलं तर मिल तिच्या हातात राहणार. नाही म्हटलं तर दिराच्या ताब्यात जाणार, असं घरात ठरूनच गेलं होतं. दीर रोज यायचा, कचेरीतली नवऱ्याची खुर्ची ओढून बसायचा आणि म्हणायचा, “वहिनी, काऊन जीवाले तरास देऊन राह्यली? घरी बस ना आरामात.”

मी ट्रेनिंग दिलं. जमिनीवर खडूनं मिलचा नकाशा काढला आणि कामगारांना म्हटलं, दिवसभर कुठं कुठं चालता ते सुतळीनं दाखवा. सगळ्या सुतळ्या गेटमधून निघून रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर गेल्या. नुसता गुंता. मला कोण आनंद!

“ही चाल म्हणजे चोरी!” मी शिट्टी फुंकली. “जे लागतं ते हाताशी पाहिजे. वस्तूला जागा आणि जागेवर वस्तू!”

तांदूळ पांढरा करणारं मशीन, पॉलिशर, चालवणाऱ्या मिस्त्रीनं विचारलं, “जे लागते ते सारंच हाताशी, बाई?”

“सगळंच!”

“पक्कं?”

“पक्कं!”

माझ्या डोक्यात नटबोल्टचे पाने, पोती, दाभण होतं. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला कळायला हवं होतं. जन्म काय मी विलायतेत काढला होता?

पुढच्या वेळी गेले तर पॉलिशरला लागून जमिनीवर पिवळी चौकट. फळीवर सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, आणि प्रत्येकीखाली रंगानं काढलेला तिचा आकार. अगदी मी शिकवला तसा. खाली बादली. वर सुबक अक्षरात पाटी: थुंकण्याची जागा.

“आता रोडाच्या तिकडे कोनीच जात नाई, बाई,” मिस्त्री छाती काढून म्हणाला. “चाल पुरी बंद!”

बादलीत तपकिरी फेस. त्यावर उडालेला कोंडा बसून साय धरलेली. सायीवर माशी चालत होती, पाय उचलून उचलून. तरीही मी टाळ्या वाजवल्या. बादलीशेजारी अंगठा वर करून फोटो काढून घेतला.

मालकीणबाईंनी पदर नाकाला लावला. “बाई, हे बराबर हाय ना?”

“एकदम! हेच तर लीन!”

व्यापारी आला तेव्हा दीरही पांढरा शर्ट घालून हजर. व्यापाऱ्याचा गाल फुगलेला बघून आम्हाला हायसं वाटलं. माणूस आपलाच. त्यानं बादली पाहिली, वाकला, लांबलचक पिचकारी सोडली. “वा! सोय मस्त केली.” मिस्त्री फुलला. मी तर त्याहून.

मग तो पाकीट भरायच्या जागी गेला. मूठभर तांदूळ घेतला, तळहातावर पसरला. पांढऱ्याशुभ्र दाण्यांत सुपारीचा एक ओला तुकडा, तंबाखूची काडी चिकटलेली.

“मालकीणबाई, हे नाई चालनार.”

मी पुढे झाले. “पण तुम्ही स्वतः...”

“मी खातो ते माह्या तोंडात, बाई. लोकांच्या ताटात नाई.” आणि हात पँटला पुसला. दीर हसला नाही. नुसता खाकरला. ते जास्त लागलं.

मालकीणबाई रडतील असं मला वाटलं. त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, “भाऊ, एक डाव अजून या. पुढच्या बाजाराच्या दिवशी.”

“येतो. पन तो शेवटचा.”

तो गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “ठेल्यावर जात होते तं येतानी गेटच्या नळावर हात-तोंड धूत होते सारे. आता घोटते आन् त्याच हातानं तांदूळ धरते. तुमी चाल नाई काढली बाई, नळ काढला.”

त्यांनी पिवळ्या चौकटीकडे बोट दाखवलं.

“आता बादली उचला.”

“मी?”

“जे लागते ते तुमच्या हाताशीच हाय.”

उचलली. कडी चिकट होती. मागच्या नालीपर्यंत नेताना ती हिंदकळून माझ्या इस्त्रीच्या निऱ्यांवर सांडत होती. ओतायला वाकले आणि गळ्यातली शिट्टी डुबुक करून आत गेली. तिथंच, नालीच्या काठी, मी सकाळचे पोहे ओकले. शिट्टीही तिथंच टाकून आले.

खर्रा पुन्हा रस्त्यापलीकडे गेला. नळावर साबण आला, आणि हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही, असा मालकीणबाईंचा हुकूम सुटला. मिस्त्री रुसला. “तुमीच तं म्हनलं होतं, बाई.” म्हटलं होतं, भाऊ, मीच म्हटलं होतं.

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. गेटवर पिचकारी टाकली, मालकीणबाईंनी दाखवल्यावर मुकाट्यानं हात धुतले, पोत्यापोत्यातून मुठी काढून निवडल्या, हुंगल्या. शेवटी म्हणाला, “चालते.” दीर ओढून बसायचा ती खुर्ची त्याच दुपारी वजनकाट्यापाशी गेली, हमालांना बसायला.

अजूनही धान निघालं की मालकीणबाई मला एक पोतं पाठवतात. तांदूळ सुरेख असतो. मी तो उन्हात बसून निवडते, मग परत एकदा निवडते. सून म्हणते, “आई, एवढ्या स्वच्छ तांदळात काय शोधता?” नातवंडांना तो अंगठ्याचा फोटो सापडलाय, ती खिदळत असतात. सुपारी आजवर एकदाही निघाली नाही. पण पहिला घास उचलला की तो वास येतोच.