काटा बेरीज दाखवतो

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, आमच्या शहराच्या रिछाई औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात. पेटी उचलताना दम लागून ती बसली, तर सुपरवायझरने तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वज़न तो उतना ही है. बीमारी कहाँ है? पेटी उठाने लगो, तब आना."

दोन वर्षांपूर्वी तिच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरची गाठ काढली होती. काही हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या. तरी दम लागायचा, भर मे महिन्यात कपाळ कोरडं, घामच नाही. घरी आम्हीही तिला आळशी म्हणायचो. मीसुद्धा. जगाच्या अन्यायावर पत्रकं छापणारी मी!

पुरावा सापडला कमानिया गेटजवळच्या शिंप्याकडे. नागपूरला जायच्या पांढऱ्या साडीवरचं ब्लाउज दरवर्षी तोच शिवतो. बहिणीची नवी मापं वहीतल्या जुन्या मापांशी ताडून तो चक्रावला. "बाँह पतली, कमर मोटी. अजीब है, दीदी."

त्या वहीचा फोटो मी तिच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "ग्रोथ हार्मोन जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसालाही ते लागतं. नसलं की स्नायू आणि अंगातलं पाणी घटतं, पोटावर चरबी चढते. काटा नुसती बेरीज दाखवतो."

रोज संध्याकाळी त्या हार्मोनची सुई सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात दीदीचे पाय सुजले, अंगठी बोटात रुतली. आई सुया ठेवलेल्या फ्रिजसमोर आडवी उभी राहिली. "काहून टोचून राहिल्या तिले? पाय पाहा तिचे!"

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पाणी आधी परत येतं, कधीकधी जास्तच. डोस कमी करू." केला. सूज उतरली. आई बाजूला झाली.

पुढच्या वर्षी शिंप्याने बाही सैल केली, कमर आत घेतली. नवं ब्लाउज यायच्या आधीच दीदी कारखान्यात गेली. मी फाटकातून बघत होते. सुपरवायझरने पुन्हा काट्याकडे बोट केलं.

"काँटे पर आप चढ़ो, भैया. मैं पेटी उठाती हूँ."

उचलली! लाइनवरचे सगळे सुपरवायझरला हसले. तिच्या कपाळावरून घाम ओघळला, आणि मी फाटकाबाहेर एकटीच टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी ती कामावर रुजू झाली.

तुमच्या घरात कोणाची पिट्युटरीवरची अशी गाठ काढली असेल आणि ते माणूस थकून बसत असेल, तर आज त्याला आळशी म्हणणं बंद करा. उद्या डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: याचं ग्रोथ हार्मोन तपासलं का? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.