बंद केलेलं चालू कोण करतं?

काही न करता पगार घेणारं माणूस बघायचं असेल तर काशप्पाच्या पुढच्या खोलीत बघा, असं २०११ साली आमच्या बसवकल्याणच्या गल्लीत बोललं जायचं. काशप्पा म्हणजे मी, आणि खोलीतलं माणूस म्हणजे प्रेरणा. हे बोलणं पसरवण्यात माझा वाटा किती, ते माझ्या बायकोला, निलम्माला विचारा.

प्रेरणा जवळच्या कोहिनूर गावच्या चांगुणाबाईंची थोरली. हैदराबादच्या कंपनीत होती. आईचे गुडघे गेले म्हणून गावी आली, पण नोकरी सोडली नाही. कोहिनूरला इंटरनेट धड नाही, माझ्याकडे ब्रॉडबँड. म्हणून पुढची खोली भाड्यानं घेतली. रोज सकाळच्या बसने यायची आणि दार लोटून कंप्युटरपुढं बसायची. ना गिऱ्हाईक, ना आवाज. मी खिडकीतून बघून बघून थकलो आणि एकदा विचारलंच.

"काका, दुसऱ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायलाव आमी. एकेका सर्व्हरवर लई सर्व्हिस, मंजे आपोआप चालणारी कामं, चालतेत. कोणती चालू पायजे, कोणती बंद, त्याचा नियम मी एकदाच लिहून ठिवते. मग एक प्रोग्राम अर्ध्या-अर्ध्या तासानं फेरी मारतो. नियमापरमाणं असलं तर हात लावत न्हाई, नसलं तर तसं करून टाकतो."

"मंजे काम तो करणार, आन् पगार तू घेणार?"

"व्हय. बसून भाडं घेता की तुमी, तसंच."

त्या उन्हाळ्यात तिच्यावर बालंट आलं. एका बियाणं कंपनीच्या सर्व्हरवर फायली पाठवायची जुनी सर्व्हिस होती. तिच्यातून कुणीही कागद पळवू शकेल, म्हणून हैदराबादच्या साहेबांनी, श्रीपतरावांनी, ती बंद करायला सांगितली. प्रेरणानं बंद केली. दुपारी बघते तर चालू. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू.

श्रीपतराव फोनवर कडाडले. "पासवर्ड दोघांकडेच. तू आणि सिद्धराम. मग चालू कोण करतं?"

सिद्धराम निंबर्ग्याचा, हैदराबादच्या ऑफिसात बसणारा, नुकताच बाप झालेला. मागच्या महिन्यात तो दुसरीकडे मुलाखत देऊन आल्याचं साहेबांच्या कानावर होतं. तोच कागद विकत असणार, असं त्यांनी धरलं. त्याचा पासवर्ड काढून घेतला आणि सांगितलं, सोमवारपर्यंत घरी बस, मग कायमचंच सांगतो.

प्रेरणाचा संशय मात्र निराळीकडे होता.

"काका, मी जेवायला गेल्यावर माझ्या कंप्युटरला हात लावलता का?"

"मला टीव्हीचा रिमोट कळंना गं बाई!"

आतून निलम्मा म्हणाली, "खिडकीतून बघायचं तेवढं झ्याक कळतंय."

सिद्धराम घरी बसला तरी सर्व्हिस चालूच व्हायला लागली. मग तिनं मला कट्ट्यावर बसवलं, तिला दिसेन असं. आत सर्व्हिस बंद केली, हात मांडीवर ठेवले, आणि एक डोळा माझ्यावर, एक पडद्यावर.

शेजारचे जगदेवप्पा जाता जाता थबकले. "कामून बसलास रे उन्हात?"

"नजरकैदेत हाव."

तेवढ्यात आतून "अगं बाई!" ऐकू आलं. तिच्या डोळ्यांदेखत सर्व्हिस चालू झाली होती. मी कट्ट्यावर, सिद्धरामचा पासवर्ड काढलेला. मग तिनं त्या प्रोग्रामची फेरीच थांबवली आणि सर्व्हिस पुन्हा बंद केली. परतीच्या बसची वेळ झाली तरी ती बंदच. फेरी सोडली, की लगेच चालू.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरला होता. "काका, मीच की. मागं ही सर्व्हिस सारखी पडायची, कंपनी बोंबलायची, म्हणून मी नियम लिहिलता, कायम चालू ठेव. आता हातानं बंद केली, नियम तसाच ऱ्हायला. तुमच्या मंठाळच्या विहिरीवर मोटरीला ऑटो हाय न्हवं? मोटर बंद करून आलाव, पर ऑटो तसाच असला, तर करंट आलं की चालूच."

मी शहाणपण शिकवलं. "मग गुमान नियम बदल. कुणाला कळतंय?"

"बदलला की सर्व्हिस बंद ऱ्हाईल. आन् साहेब म्हणतील, सिद्धरामला घरी बसवलं म्हणून थांबलं. मग गेलीच त्याची नोकरी."

तिनं तिथंच फोन लावला. मी हललो नाही.

सगळं ऐकून श्रीपतराव म्हणाले, "आताच बरं आठवलं? का दोघं मिळून आहात?"

"साहेब, माझा बी पासवर्ड काढा. तिसऱ्या कुणाला तरी फेरी बंद-चालू करून बघायला लावा."

त्यांनी खरंच काढला. तिसऱ्यानं बघितलं, तिचंच बोलणं खरं निघालं. सिद्धरामला बोलावून घेतलं आणि नियम त्याच्याकडूनच बदलून घेतला: सर्व्हिस आता बंद, आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी बंदच. प्रेरणा तेवढे दिवस नुसती येऊन बसायची.

सोमवारी तिचा पासवर्ड परत आला, पण अटीसकट. तिचा नियम सिद्धरामनं वाचायचा, त्याचा तिनं, मगच लावायचा.

"अक्का, आजून काय काय कायम चालू ठिवलायस?" तो पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाला.

"वाच की, डोळे हायत ना? आन् तुझ्यातल्या चुका लिहून घे, सांगायलेय."

तेव्हापासून दोघं रोज भांडतात. श्रीपतराव मधूनच फोनवर येऊन ऐकतात म्हणे. भांडण जोरात असलं की त्यांना बरं वाटतं. एखाद्या दिवशी दोघांचं पटलं, की विचारतात, "काय शिजतंय?"