आबांची बोट बंद पडली तेव्हा

आज सकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर साचलेली हिरवट भुकटी गरम पाण्याने धुतली. तो आंबट वास नाकात शिरला आणि मी मनाने थेट लग्नाआधीच्या दिवसांत, गंगापूर धरणाच्या पाण्यावर, आबांच्या बोटीत जाऊन बसले.

मला बघायला निफाडचे पाहुणे आले होते. चहा-पोहे झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेने सगळ्यांना बोटीतून फिरवायला नेलं. फोटो काढायला म्हणून पाण्याच्या मधोमध इंजिन बंद केलं, ते परत सुरूच होईना. बॅटरी पार उतरली होती. मी साडी सावरत वाकून पाहिलं आणि बोलून गेले, "आबा, पट्टा ढिला झालाय. म्हणून बॅटरी चार्जच झाली नाय."

मुलाच्या आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "पोरगी इंजिनाची कामं करती का हो?"

"नाय, नाय," आबा घाईघाईने हसले. "उगा काहीतरी बोलती."

मला हे सगळं शिकवलं होतं ते आबांनीच. माझे कान तापले. चोरी पकडली गेल्यासारखी मी नखांतलं काळं ऑइल पदराखाली लपवत बसले. दुसऱ्या बोटीने दोर बांधून आम्हाला काठाला ओढून आणलं, तोवर मान वर केली नाही.

पाहुणे गेले. ते स्थळ पुढे जमलंही नाही. पण त्या संध्याकाळी आबांनी माझ्याकडे न बघताच पाना पुढे केला आणि म्हणाले, "पट्टा तूच आवळ."

तेव्हा वाटलं, ते माझ्यावर चिडलेत. आज कळतं, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.