आवडाबाईची दाढ

कोपरीच्या आवडाबाईला खाडीकाठच्या मिठागरांत सगळे ओळखत. अठराशे सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास असावं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा धाकू आणि सून तुळसा, एवढंच घर. वीस बायकांची टोळी घेऊन ती कोंड्यांतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतलं, मीठ राशीवर नेई. डोक्यावर भरली टोपली आणि पायाखाली निसरडा बांध, तरी तिची पावलं कधी चुकली नाहीत. कारकुनाने आवाज चढवला, तर ही त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत बोले. एकदा चिखलात रुतलेला बैल चार गड्यांना निघेना, तो हिने शेपटी पिरगाळून बाहेर काढला होता.

अशी ही बाई फक्त एका गोष्टीला भिई, दात काढण्याला.

एकोणिसाव्या वर्षी तिची एक दाढ गावच्या न्हाव्याने सांडशीने उपटली होती. ती हलू नये म्हणून चार बाप्यांनी तिचे हातपाय दाबून धरले आणि त्यांतल्याच एकाने छातीवर गुडघा रोवला. दाढ तिसऱ्या ओढीला आली. पण ती कशी तडफडली, याची नक्कल ते चौघे पुढे वर्षभर ताडीच्या गुत्त्यावर करून दाखवत होते. दाढेची जखम भरली. त्या हातांची आठवण मात्र गेली नाही.

आता उजव्या बाजूची खालची दाढ सुजली, तेव्हा आवडाबाईने पाच दिवस लवंग धरली, मिश्री चोळली, देवाचा अंगारा लावला. सहाव्या दिवशी गाल लिंबाएवढा झाला आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. पेज तेवढी आत जाई. तेव्हा धाकूने तिला रुळांपलीकडे हरिहर डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर डॉक्टरांनी ठाण्यातच खाजगी दवाखाना काढला होता. सहदेव नावाचा कंपाउंडर त्यांच्या हाताखाली होता.

डॉक्टरांनी दाढ पाहिली आणि म्हणाले, "ही काढावीच लागेल."

"धरील कोन मना?" आवडाबाईने पहिलं हेच विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. धरलं जाण्यालाच भिणारी माणसं त्यांनी बरीच पाहिली होती. ते सावकाश सांगू लागले, "अफूच्या अर्काचे थेंब देता येतात. त्याने दुखणं बोथट होतं, पण तू जागी राहतेस. दुसरं क्लोरोफॉर्म. ते हुंगलंस की झोप लागेल, काही कळणार नाही. झोपलेल्या माणसाला धरावं लागत नाही."

"मंग तो झोपेचा दे."

"सोमवारी सकाळी ये. आदल्या रात्रीनंतर पोटात काही नको. पाण्याचे दोन घोट चालतील."

सोमवारी पहाटे तुळसा चुलीपाशी विचार करत बसली. सासूला ती आत्या म्हणे. "आत्या, डाक्तरनं उपाशी यायला सांगितलाय, नि आज सोमवार. मंजे महादेवाचाच उपास झाला. देव पाठीशी राहील."

"व्हय गो. पन नुसत्या पोटी चक्कर आली तर?"

"उपासाला रताळं चालतंय."

त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. तांदळाचा दाणा पोटात गेला नाही म्हणजे माणूस उपाशी, हे कोपरीत कुणीही सांगितलं असतं. तुळसाने दोन रताळी उकडून दुधात कुस्करली. आवडाबाईने महादेवाला हात जोडून ती वाटी हळूहळू संपवली आणि सुनेला घेऊन निघाली.

दवाखान्यात तिला टेबलावर निजवलं. डॉक्टरांनी बाटलीचं बूच काढता काढता विचारलं, "काही खाल्लं नाहीस ना?"

"नाय. उपास हाय."

डॉक्टरांचा हात थांबला. "उपासाला काय घेतलंस?"

"दोन रताली नि पेलाभर दूध."

डॉक्टरांनी बूच पुन्हा घट्ट लावलं. सहदेव हसला. "दोन रताळी म्हणजे उपाशी होय? मग जेवायला काय, अख्खी खाडी लागते?"

"तुजी बायको उपासाला काय दगड खाते?" आवडाबाई दातांतल्या दातांत म्हणाली.

"बरोबर विचारते आहे ती," डॉक्टर म्हणाले. "सहदेव, तुझ्या घरी एकादशीला काय असतं?" सहदेव तस्त पुसू लागला.

डॉक्टर आवडाबाईच्या उशाशी बसले. "चूक माझीच. नीट फोड करून सांगायला हवं होतं. पोट भरलेलं असताना हे औषध दिलं आणि झोपेत उलटी झाली, तर ती श्वासनळीत जाईल. झोपलेल्या माणसाला खोकताही येत नाही. आज ते देणार नाही."

"मंग उद्या येतंय."

डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. एक बोट जेमतेम गेलं. "परवा दोन जात होती. उद्या एवढंही उघडलं नाही, तर पू गळ्यात उतरेल. मग माझ्या हातात काही उरणार नाही. अफूचे थेंब घे आणि आज काढून टाकू."

तेवढ्यात दाराशी दोन हमाल येऊन उभे राहिले. जागेपणी दाढ काढायची म्हटल्यावर सहदेवाने रिवाजाप्रमाणे त्यांना खूण केली होती. त्यांना पाहताच आवडाबाई टेबलावरून उतरली आणि पदर सावरून निघाली.

"मरन आला तरी चालंल," ती तुळसाला म्हणाली. "चल."

तुळसा रडायला लागली. डॉक्टरांनी हमालांना घालवून दिलं, दार लावलं आणि ते मध्ये न येता बाजूला उभे राहिले.

"कुणी हात लावणार नाही. खुर्चीवर बस. तू हात वर केलास की मी पकड बाहेर काढीन, मग कितीही वेळ लागो."

"दहा वेला केला तर?"

"दहा वेळा काढीन."

आवडाबाई परत येऊन खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "याला लांब उभा कर." सहदेव तस्त घेऊन दोन पावलं मागे सरला.

थेंब कडूजहर होते. अर्ध्या घटकेनंतर ठणका कमी झाला नाही, पण तो शेजारच्या घरात चालला असावा तसा वाटू लागला. पकड तोंडाजवळ आली आणि तिने हात वर केला. अजून दाढेला काहीच लागलं नव्हतं. पकड लगेच मागे गेली. दुसऱ्या वेळी दाढ पकडीत आली, कळ कानापर्यंत गेली. तिने पुन्हा हात उचलला. पकड पुन्हा बाहेर. तिने डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे ना राग होता, ना हसू.

तिसऱ्या वेळी तिने खुर्चीचे हात आपणच गच्च धरले. करकर आवाज झाला, डोळ्यांसमोर पांढरं झालं, हात एकदा सुटून वर येऊ लागला आणि तिनेच तो परत खाली नेला. दाढ मुळासकट निघाली. पाठोपाठ घाण पू आला. सहदेवाने तस्त पुढे केलं, आणि या वेळी तिने त्याला जवळ येऊ दिलं.

शुक्रवारी ती एकटीच दवाखान्यात आली. सूज उतरली होती, आवाज पूर्वीसारखा रस्त्यावरून ऐकू येत होता. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि आता येण्याची गरज नाही म्हणाले. ती उठली नाही.

"डावीकडं वर बी एक दुखते," ती म्हणाली. "चार वरसं झाली, कोनाला बोलली नाय."

डॉक्टरांनी पाहिलं. दाढ पोखरलेली होती. "या वेळी क्लोरोफॉर्म देता येईल. खाण्याचं नीट समजावून सांगतो."

"झोपेचा नको. थेंब दे, नि हात वर केला का थांब." तिने पदर खोचला. "कवा येऊ, ते सांग."